लाकूड वर, दगड खाली: आमच्या भागात लाकडाचं घर कसं बांधावं

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा वडसाहून आला आणि मोबाईल समोर धरून म्हणाला, "मामा, असं घर पायजे मले. भिंती, जमीन, छत, सबन लाकडाचं. तुमी सुतार, घरचंच काम हाय." फोटो कुठल्यातरी थंड डोंगराळ मुलखातला होता. मागे बर्फ, पुढे हिरवळ आणि मधे लाकडाच्या ओंडक्यांचं देखणं घर. मी म्हटलं, "लाकडाचं बांधून देतो. पण असं नाही."

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरीच्या पुढे, वैनगंगेच्या काठी. बाप बैलबंड्या आणि वखर करायचा. मी ४० वर्षं चौकटी, दारं आणि घरांची छतं केली. भाच्याला जे चार दिवस बसून सांगितलं, तेच इथे लिहितो, कारण हल्ली हा प्रश्न बरेच जण विचारतात.

छत, खांब, चौकटी, दारं-खिडक्या आणि माळा यांसाठी लाकडासारखी वस्तू नाही. भिंती आणि जोत्यासाठी मात्र आपल्या भागात लाकूड वापरू नये. भिंत मातीची, विटांची किंवा दगडाची असू द्या. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९३६ पासूनच्या कुट्या आहेत. मातीच्या भिंती, लाकूड, बांबू आणि वर कवेलू (कौलं). त्या आजही उभ्या आहेत, कारण कुठला जिन्नस कुठे लावायचा हे तिथे बरोबर साधलंय आणि त्यांची निगा राखली जाते.

भिंती लाकडाच्या का नको? एक तर वाळवी, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. दुसरं आपलं हवामान. मे महिन्यात ४५-४६ अंश ऊन आणि दोन महिन्यांनी आठ-आठ दिवसांची झडी. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, पण रुंदीत उन्हाळ्यात आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं. फळ्यांची भिंत केली तर मेमध्ये फटीतून अंगणातली कोंबडी दिसते आणि जुलैत दार ढकलायला खांदा लावावा लागतो. तिसरं कारण हिशेबाचं आहे.

किती लाकूड लागतं

२० बाय ३० फुटांचं साधं घर धरा. लांबीत १० फुटांचे तीन खण, मधे आडव्या भिंती. मयाल, म्हणजे छताच्या शेंड्याची तुळई, ४ बाय ६ इंच, ३० फूट लांब. तुकडे १० फुटांचे घ्या म्हणजे प्रत्येक जोड भिंतीवर बसेल. ते झालं ५ घनफूट. दोन्ही उतारांच्या मधोमध एकेक आडवी तुळई ४ बाय ५ इंच, दोन्ही मिळून ६० फूट, म्हणजे साधारण ८ घनफूट. फाटे, म्हणजे शेंड्यापासून खाली उतरणारी तिरकी लाकडं, २ बाय ४ इंच, साडेतेरा फुटांचे, दोन-दोन फुटांवर. एका बाजूला १६, दोन्हीकडे मिळून ३२. एका फाट्याला पाऊण घनफूट, म्हणजे २४. वरचे बत्ते, म्हणजे कवेलू अडकवायच्या आडव्या पट्ट्या, १ बाय २ इंचाचे, त्यांना सुमारे १२ घनफूट. एकूण ५० च्या आसपास.

याच घराला फक्त बाहेरच्या चार भिंती एक इंची फळीच्या करायच्या म्हटल्या, १० फूट उंच, तर एका थरालाच ८३ घनफूट लागतात. आतल्या भिंती आणि फळ्या धरून ठेवणारे खांब वेगळे. जे लाकूड सगळ्या छताला पुरून दारं-खिडक्यांनाही उरलं असतं, ते आपण उन्हात सुकायला आणि वाळवीला खायला उभं करतो. भाव तुमच्या भागात जो असेल त्याने गुणून बघा.

हिशेब तुम्हालाही येऊ द्या, म्हणजे फसणार नाही. कापलेल्या लाकडाची रुंदी आणि जाडी इंचात गुणा, १४४ ने भागा आणि लांबीच्या फुटांनी गुणा, घनफूट आले. गोल लाकूड असेल तर दोरीने मधोमध गोलाई मोजा, तिचा चौथा भाग घ्या, त्याचा वर्ग करा आणि पुढे तसंच. ४८ इंच गोलाईचा १० फुटी ओंडका म्हणजे १० घनफूट. खरं माप त्याहून जास्त, पावणेतेराच्या जवळ भरतं, पण बाजारात चौथाईचं माप चालतं, कारण आरा मशीनवर साल, फळकुटं आणि भुसा जाणारच. लिलावाचा माल घनमीटरमध्ये असतो. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. मी ५० घनफूट तयार मालासाठी ७५ घनफूट गोल लाकूड धरतो.

लाकूड आणायचं कुठून

हा भाग सगळ्यात आधी मिटवा, घराचा नकाशा नंतर काढा. आपण सागवानाच्या मुलखात राहतो. आलापल्लीचं सागवान देशभर नावाजलेलं, आणि २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान बल्लारशाहहूनच गेलं. पण जंगल शेजारी आहे म्हणून लाकूड फुकट नाही आणि मोकळंही नाही. वनविभागाच्या आणि वनविकास महामंडळाच्या डेपोत लिलाव होतात, तिथला माल पावतीचा आणि हातोड्याच्या खुणेचा असतो. आपल्या वावरातल्या धुऱ्यावर (बांधावर) सागवान असेल तरी ते मनाने तोडता येत नाही. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, अर्ज करावा लागतो, मोजणी होते, परवानगी मिळते आणि मगच तोड. वाहून नेताना वाहतूक परवाना, ज्याला आपण टीपी म्हणतो, तो ट्रॅक्टरवर सोबत हवा. पूर्व विदर्भात कित्येक गावांना निस्ताराचे, म्हणजे घरच्या गरजेपुरतं जंगलातून घेण्याचे, हक्क आहेत, ते आपल्या गावाला काय लागू आहेत ते ग्रामपंचायतीत आणि वनरक्षकाकडे विचारून घ्या. रात्रीतून आणलेल्या लाकडाचं घर बांधणाऱ्याला मी चौकट करून देत नाही. त्याची दहा वर्षं भीतीत जातात.

माझा स्वतःचा भर मात्र जुन्या लाकडावर आहे. दर गावात आता जुनी घरं पाडून स्लॅब टाकतायत. त्यातल्या ५०-६० वर्षांच्या मयाली आणि खांब लोक सरपणाच्या भावात काढून टाकतात, आणि ते बघून माझ्या पोटात तुटतं. ते लाकूड जितकं सुकायचं तितकं सुकलेलं असतं, वाकायचं तितकं वाकलेलं असतं. यापुढे ते दगा देत नाही. घेताना मात्र तीन गोष्टी करा. भिंतीत रुतलेलं टोक तपासा, ते आधी सडतं. मी दोन्ही टोकांचा एकेक फूट कापूनच हिशेब धरतो. सगळ्या लांबीभर हातोडीने ठोका; टणक 'टण' आवाज यावा, 'भद' आला तर आत पोकळ. आणि खिळे शोधून काढा, नाहीतर आऱ्याचं पातं जातं. मालकाकडून लिहून घ्या, ग्रामपंचायतीचा दाखला घ्या आणि माल भरण्याआधी रेंज ऑफिसात विचारा. जुनं आहे एवढ्यावर नाक्यावर कोणी सोडत नाही.

कुठलं लाकूड कुठे

सागवान कुठेही लावा. त्यातलं तेल त्याला राखतं. पण सागवानाचाही फक्त गाभाच पक्का. बाहेरच्या पांढरट भागाचं नाव सागवानच, पण दोन-चार वर्षांत घुण, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, त्याचं पीठ करतो. पांढरा भाग ठेवून विकलेलं सागवान घेण्यापेक्षा येनाचा (ऐनाचा) गाभा घ्यावा, असं माझं मत.

येन मजबूत आहे, खांबाला आणि मयालीला उत्तम, पण सुकताना तडकतो. त्याला सावलीतच आणि सावकाश सुकवावं लागतं. बीजा म्हणजे बिजासाल, टिकाऊ आणि चौकटीला सुंदर. एकच सांभाळा, ओला झाला की पिवळा-तपकिरी रंग सोडतो. एका घरी मी बीज्याची चौकट बसवली, वर चुन्याची पांढरीशुभ्र भिंत, आणि पहिल्याच झडीत दोन्ही बाजूंनी चहा सांडल्यासारखे ओघळ उतरले. तेव्हापासून बीज्याला मागून डांबर आणि पुढून तेल दिल्याशिवाय भिंतीला लावत नाही. हळदू दिसायला पिवळाधमक आणि रंध्याखाली लोण्यासारखा; तो आतल्या फळ्यांना चांगला, पाण्यात नको. कडुनिंब पूर्ण सुकलेला असेल तर आतल्या चौकटीला चालतो. बाभूळ बंडीला आणि अवजारांना ठेवा. आंबा, सालई आणि सावर यांना छतात घेऊ नका, कोणी फुकट दिलं तरी.

सुकवणं

सगळ्यात जास्त घरं इथे बिघडतात. लोक दिवाळीत लाकूड कापतात आणि अक्षयतृतीयेला घरात जायचं म्हणतात. ओलं लाकूड बसवलं की वर्षभरात चौकट पिळते, कड्या जुळत नाहीत, बोल सुताराला लागतो.

सावलीत, हवा खेळेल अशा छपरीत, दगडांवर जमिनीपासून दीड फूट उंच मांडणी करा. एक थर लाकूड, मग आडव्या इंचभर जाडीच्या पट्ट्या, मग दुसरा थर. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत याव्यात, मागेपुढे झाल्या तर लाकूड तिथेच वाकतं. टोकांना जुना ऑइलपेंट किंवा डांबर फासा, कारण टोकाकडून पाणी भराभर जातं आणि चिरा तिथूनच पडतात. वरून थोडं वजन ठेवा. इंचभर जाडीला एक वर्ष, हा बापाचा हिशेब होता आणि तो मला चुकीचा दिसला नाही.

सुकलं की नाही हे नखाने कळत नाही. त्याच लाकडाचा दोन फुटी तुकडा कापा, त्याच्याही टोकांना रंग द्या, त्याच ढिगात ठेवा. महिन्यातून एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा आणि तुकड्यावरच पेन्सिलने लिहा. ३ बाय ४ इंची येनाचा माझा तुकडा ५ किलो १०० ग्रॅमपासून उतरत ४ किलोवर येऊन थांबला. उन्हाळ्यात लागोपाठ दोन महिने वजन हललं नाही की कामाला घ्या. पावसाळ्यातलं थांबणं मोजू नका.

वाळवी

आता माझी चूक सांगतो. २००९ साली मी स्वतःचं घर वाढवलं. दुसऱ्यांच्या घरी खांब नेहमी दगडी उथळ्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभा करायचो. स्वतःच्या घरी घाई केली आणि मधला खांब सरळ फरशीत गाडून सिमेंट भरलं. खांब अस्सल येनाचा, म्हटलं काय होते. शेजारी धानाची ढोली, म्हणजे कणगी, उभी. चार वर्षांनी ढोली हलवली तर खांबाच्या मागच्या अंगाला बोटभर रुंदीची मातीची रेघ, फरशीपासून थेट मयालीपर्यंत. रेघ नखाने खरडली तर आत पांढऱ्या उधईची धावपळ. खांबाला पेचकस लावला. जोर न लावताच तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून खांब जसाच्या तसा, रंधा मारलेला, चकचकीत. आत वाळलेल्या मातीचे पडदे. त्याच खांबाखाली माझी लेकरं झोपत होती. त्या रात्री मी मयालीला दोन बल्ल्यांचा टेकू देऊन बसून राहिलो.

वाळवी जमिनीतून येते, तिला ओल लागते आणि उजेड सोसत नाही. म्हणून ती मातीची नळी बांधत चढते. तिला नळी उघड्यावर बांधायला लावणं हेच आपलं काम. जोतं निदान दीड फूट उंच घ्या. खांब दगडी उथळ्यावर उभा करा, उथळा फरशीच्या वर किमान सहा इंच दिसला पाहिजे. खांबाच्या बुडाला खाच करून लोखंडी कूस (खुंटी) दगडात बसवा, म्हणजे सरकणार नाही. चौकटीचे पाय मातीत गाडू नका, दगडी उंबरठ्यावर टेकवा. आणि खांबाच्या चारही बाजू मोकळ्या ठेवा. ढोली, पोती, सरपण यांपैकी काहीही त्याला टेकवू नका. दिसलेली नळी मोडता येते, ढोलीमागची दिसतच नाही.

पाया भरताना औषध मारायचं असेल तर क्लोरपायरीफॉस २० टक्के, १ लिटरला १९ लिटर पाणी, जाणकाराच्या हातूनच, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर नकोच. औषध काही वर्षांनी संपतं, उथळा संपत नाही.

छत

पट्टी आडवी धरून दाबली तर लवते, तीच उभी धरली तर लवत नाही. शाळेतली फूटपट्टी घेऊन आत्ता करून बघा. जाडी तेवढीच ठेवून लाकडाची उंची दुप्पट केली तर ते चौपट भार घेतं आणि आठ पटीने कमी लवतं. म्हणून २ बाय ४ चा फाटा नेहमी उभा, चार इंच वर-खाली. निम्मी छतं मी अशी बघतो की फाटे आडवे पाडलेत आणि मग बसतंय म्हणून मधे खांब देतायत.

इंग्रजी कवेलूला, म्हणजे मंगलोरी कौलाला, १० फुटांना ५ फूट चढ द्या, त्याहून कमी नको, नाहीतर वाऱ्याचा पाऊस आत येतो. बत्त्यांचं अंतर आधी चार कवेलू जमिनीवर एकमेकांत अडकवून मोजा, मग ठोका. उतार भिंतीच्या दोन फूट पुढे काढा, भिंत आणि चौकट दोन्ही वाचतात. रोहिणीच्या वादळात अख्खं छत उचललेलं मी पाहिलंय. भिंत बांधतानाच वरच्या तीन फुटांत लोखंडी पट्ट्या सोडा आणि तुळया त्यांना बोल्टने आवळा. नुसत्या खिळ्यांवर राहू नका.

वानरांचं दुखणं खरं आहे. टोळी एकदा पाखावरून धावली की वीस-पंचवीस कवेलू जातात, आणि कवेलू फेरणारा माणूस आता सहज मिळत नाही. म्हणून लोक टिनाकडे वळले, त्यांना मी दोष देत नाही. टिन टाकलंच तर लाकडी सांगाडा तोच ठेवा, टिनाखाली बांबूच्या तट्ट्या (विणलेल्या चटया) बांधा आणि दोघांत वीतभर पोकळी ठेवून दोन्ही टोकांना हवा जाऊ द्या. दुपारी फरक अंगाला कळतो.

तेल, बांबू आणि आग

लाकडाला जवसाचं तेल द्या. शिजवलेलं तेल, दुकानात मिळतं. कच्चं तेल आठवडाभर चिकट राहतं. पातळ हात मारा, अर्ध्या तासाने पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे तीन हात. गाडीचं जळकं ऑइल घरात लावू नका, धान्याला आणि लेकराबाळांना त्याचा वास वर्षभर. आणि जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतं आणि पेटू शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच जपा. पाण्यात बुडवा किंवा उघडं पसरून वाळवा.

बांबू तीन-चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्या. नाल्याच्या वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून ठेवला की घुण कमी लागतो. तट्ट्यांसाठी ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड १०० लिटर पाण्यात, पण ते आतल्या कामालाच, पावसात धुऊन जातं. २०१७ पासून जंगलाबाहेर लावलेला बांबू वनकायद्यात झाड धरला जात नाही, तेव्हा धुऱ्यावर दोन-चार बेटं लावून ठेवा.

आगीला लोक उगाच जास्त भितात. जाड मयाल वरून कोळसा होते आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला काही वेळ राखतो. पटकन पेटतात त्या तट्ट्या आणि बारीक काड्या. चुलीच्या वर टिन लावा, वायर पाईपातूनच न्या.

घरकुलात, म्हणजे सरकारी अनुदानाच्या योजनेत, बांधत असाल तर घर निदान २५ चौरस मीटरचं लागतं. लाकडी छत चालेल का हे पहिला हप्ता उचलण्याआधी पंचायत समितीच्या अभियंत्याला नकाशा दाखवून विचारा.

पुढे दरवर्षी दोनच कामं. मृगाच्या आधी छतावर चढून फुटकी कवेलू बदला. पोळ्याच्या सुमारास, ओल सगळ्यात जास्त असते तेव्हा, हातात बॅटरी घेऊन प्रत्येक खांब बुडापासून वरपर्यंत बघा आणि ठोका.

भाच्याने शेवटी ऐकलं. पवनीकडच्या एका पाडलेल्या घराच्या सहा मयाली त्याने कागदपत्रासह घेतल्या, फाट्यांसाठी डेपोतून येन आणला. तो आता माझ्या छपरीत पट्ट्यांवर मांडलाय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाचा येतो, वजनाचा तुकडा काखेत मारून किराणा दुकानात जातो. गेल्या रविवारीही आधीपेक्षा कमी भरला. अजून उतरतोय.